दोरी खोटं बोलत नाही

नववीच्या पहिल्या तासाला घरत सर फळ्यावर खडूने एक ठिपका काढायचे, वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, काय दिसतंय? मुलं एका सुरात म्हणायची, बिंदू. सर म्हणायचे, चूक. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही, मग तो तुम्हाला दिसला कसा? दिसतोय तो खडू. मग ते एक रेघ ओढायचे, दोन्ही टोकांना बाण काढायचे आणि सांगायचे, ही रेषा नव्हे, रेषेचं चित्र आहे; रेषा संपत नाही, आपला फळा संपतो. शेवटी टेबलावर तळहात फिरवून म्हणायचे, हे प्रतल नाही, प्रतलाचा तुकडा आहे, आणि तोही सुताराच्या भरवशावर. तास संपेपर्यंत वर्गातल्या एकाही वस्तूवर विश्वास ठेवायची सोय उरत नसे.

पनवेलच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं प्लायवुड होतं. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांनी कविता आणि भूमिती एकाच वेळी ऐकली, आणि मीही. वयाच्या चाळिशीत मला बिंदू, रेषा आणि प्रतल कळलं ते त्या प्लायवुडच्या कृपेने.

सर काळेसावळे, काटक. डावी भुवई कायम थोडी वर. समोरचा जे सांगतोय ते पटलेलं नाही, हे तोंड न उघडता कळवण्यासाठी देवाने ती दिली असावी. मूळचे ते नेऱ्याच्या पुढच्या एका गावातले, भातशेतीच्या घरातले. पण गावची बोली ते गावातच ठेवून यायचे. शाळेत त्यांच्या तोंडून कधी एक 'हाय' की 'नाय' आलेलं मला आठवत नाही. शुद्ध, पुस्तकी, स्वल्पविरामांसकट बोलायचे.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणावा तर त्यात खोट नव्हती. चहा जरा जास्त दुधाचा आला तर ते कपात बघून विचारायचे, दूध वाढवून काय लपवलंय? मुख्याध्यापकांनी एकदा सभेत त्यांचं कौतुक केलं, तर सभा संपेपर्यंत ते अस्वस्थ होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले की सहलीची जबाबदारी माझ्या गळ्यात पडणार, बघा. आणि पडली. अशा वेळी भुवई आणखी एक रेघ वर जायची आणि माणूस सुखी दिसायचा.

त्यांच्या बसण्याचीही एक कथा होती. स्टाफरूममधल्या सगळ्या खुर्च्या चार पायांच्या आणि सगळ्या डुगडुगणाऱ्या. सरांनी घरून तीन पायांचं एक लाकडी स्टूल आणलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यावरच बसले. मी चेष्टेने विचारलं, तर त्यांनी अगदी गंभीरपणे समजावलं. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. त्यामुळे तीन पाय लहानमोठे असले तरी तिन्ही जमिनीला टेकतातच, स्टूल तिरकं होईल पण डुगडुगणार नाही. "खोटं बोलतो तो चौथा पाय, बाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे फुकटची चहाडी करणाऱ्याला चौथा पाय म्हणायची पद्धत पडली.

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही तर शिक्षा होती. शनिवारी शाळा सकाळची असायची, तेव्हा कधीकधी आम्ही परतताना बाजारातून जायचो. कोळीण म्हणायची, ताजी हाय, आत्ताच उरणवरनं आलीय. सर आधी गलफडं उघडून बघायचे, मग डोळा. मी म्हणायची, झालं की, गलफडं लाल आहेत, डोळा चमकतोय. ते म्हणायचे, हे दोन्ही डोक्याकडचे बिंदू, डोक्याला बर्फ लावला की दोन्ही एकदम ताजे होतात. मग पोटाजवळ अंगठा दाबायचे. मांस वर उसळून आलं की तिसरा बिंदू मिळाला, खरेदी मंजूर. कोळीण वैतागून म्हणायची, "मास्तर, लग्नाला पोरगी बगताव काय?" सर हसायचे नाहीत, पण घ्यायचे तिच्याकडूनच. दर वेळी तिच्याकडूनच का, हे मी विचारलं, तर म्हणाले की हिच्यावर संशय घ्यायची सवय झालीय, दुसरीवर नव्याने घ्यावा लागेल.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या संशयातून एका बाईची नोकरी वाचली, तेव्हापासून मी जपून हसायला लागले.

आमच्याकडे विज्ञान शिकवायला शिल्पा नावाची एक तरुण शिक्षिका आली होती. परीक्षेच्या आधी शाळेत बोभाटा झाला की तिने आपल्या खासगी शिकवणीतल्या मुलांना प्रश्न सांगितले. मुख्याध्यापकांकडे तिघेजण जाऊन सांगून आले. एक लिपिक, एक पालक आणि आमचे चित्रकलेचे सर. तिघेही वेगळ्या ठिकाणची माणसं, मग आणखी काय पुरावा हवा? मुख्याध्यापकांनी त्या तिघांसकट सभा बोलावली, शिल्पा कोपऱ्यात बसून रडत होती, आणि खरं सांगायचं तर आम्हा बहुतेकांना ते पटलं होतं.

घरत सर स्टुलावरून उठले. तिघांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, तुम्हाला हे कोणाकडून कळलं? लिपिकाला चित्रकलेच्या सरांनी सांगितलं होतं. पालकाला लिपिकाने. आणि चित्रकलेच्या सरांना? ते जरा चाचरले आणि म्हणाले, बोलतात सगळे. सर फळ्याकडे गेले. स्टाफरूमच्या फळ्यावर सूचना लिहिलेली होती, ती त्यांनी सरळ पुसून टाकली. एक रेघ ओढली, तिच्यावर तीन ठिपके काढले.

"हे तीन बिंदू एकरेषीय आहेत," ते म्हणाले. "एका रेषेतून पाहिजे तेवढी प्रतलं जातात. पंख्याच्या दांड्याभोवती पाती फिरतात ना, तशी. यावरून शिल्पाताई दोषी आहेत असंही प्रतल काढता येईल, आणि चित्रकलेच्या सरांना त्या आवडत नाहीत असंही. रेषेच्या बाहेरचा एक बिंदू आणा, मग मी मान्य करीन."

रेषेबाहेरचा बिंदू कोणाकडे नव्हता. प्रश्नपत्रिका तर बाहेरून तयार होऊन यायची होती आणि ती अजून शाळेत आलीच नव्हती, हे नंतर निघालं. शिल्पा सरांच्या पाया पडायला गेली, तर ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे असं समजू नका, मला फक्त त्यांचं पटलं नव्हतं. मला त्या दिवशी हा माणूस फार मोठा वाटला.

आणि हाच माणूस आपल्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत एका रेषेवर भाळला.

त्यांचा भाऊ नामदेव, सर त्याला नामा म्हणत, गावी शेती करायचा. वडील गेल्यावर दोघांनी भाताचं खाचर वाटून घेतलं, वरचं सरांचं, खालचं नामाचं. मधला बांध वडिलांच्या हातचा. दोन्ही भाग नामाच कसायचा आणि सरांच्या वाट्याचा तांदूळ दर वर्षी स्वतः पनवेलला आणून टाकायचा. पुढे त्या बाजूला फार्महाऊसं उठायला लागली, ज्याच्या त्याच्या तोंडी जमीन आली, आणि कोणीतरी सरांच्या कानावर घातलं की नामा बांध कोरतोय. नांगरताना दर वर्षी वीतभर माती आपल्याकडे ओढायची, हा आपल्याकडचा जुनाच उद्योग, त्यामुळे अशक्य काहीच नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सर गावी गेले. बांधाच्या दोन टोकांना वडिलांनी पुरलेले दोन दगड होते, एक ओहळाशी, एक जांभळीखाली. सरांनी या दगडापासून त्या दगडापर्यंत दोरी ताणली. बांध मध्यावर दोरी सोडून सरांच्या अंगाला चांगला फुगलेला निघाला. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. मग बांध त्या रेषेवर का नाही?

सुट्टी संपल्यावर त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याच भाषेत विचारलं, रेषेबाहेरचा बिंदू कुठाय? साक्षीदार कोण?

"दोरी," ते म्हणाले. "दोरी खोटं बोलत नाही, बाई."

भूमितीत त्यांच्याशी वाद घालणारी मी कोण? पण मला वाईट वाटलं, कारण त्यांची भुवई त्या दिवशी वर नव्हती. पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट पूर्ण पटली होती, आणि ती ही होती.

त्यानंतर नामाशी बोलणं तुटलं. सरांनी आपला भाग दुसऱ्या एकाला कसायला दिला. पुढच्या वर्षी परीक्षेच्या सुमाराला नामा शाळेत आला. सरांसारखाच चेहरा, फक्त भुवया दोन्ही जागच्या जागी. मुलीचं लग्न ठरलं होतं. हळदीचं आमंत्रण घेऊन तो स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभा राहिला, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि भावाला म्हणाला की पोरगी सांगतेय, पहिली हळद काकांनी लावायची.

सर स्टुलावरून उठले नाहीत. सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, बांध कुठे आहे?

नामाला ते समजायला वेळ लागला. मग तो हळू म्हणाला, "बांद हाय थितंच हाय, दादा. बाबांनी घातला थितंच." सर म्हणाले, दोरी तसं सांगत नाही. नामाने पत्रिका टेबलावर ठेवली, चपला पायात घातल्या आणि तो गेला. आगरी घरातली हळद म्हणजे गाव लोटतो. सगळा गाव लोटला, सर गेले नाहीत. मी जाऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुम्ही जा, तुमची जमीन नाही तिथे.

मी गेले. मांडवात पोरगी पिवळी होऊन बसली होती आणि गाडीचा आवाज आला की रस्त्याकडे बघत होती.

लग्न झाल्यावर नामाने एक गोष्ट केली. दोन दगडांमध्ये स्वतः दोरी लावली, जुना बांध फोडला आणि दोरीखाली नवा बांध घातला, एकदम सरळ. वर तारेचं कुंपण ठोकलं. आणि भावाला निरोप पाठवला की तुझी रेघ घे. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तरी समाधान होईल. पण सर विचारात पडले होते. म्हणाले, इतक्या सहज दिली? यात काहीतरी आहे.

आणि तसंच झालं. पावसाळा लागला, लावणी झाली आणि सरांच्या खाचरात पाणी सारखं उभं राहिना. खाचराच्या मध्यावर गुडघाभर तळं आणि दोन्ही टोकांना माती उघडी पडलेली. टोकांचं रोप पिवळं पडलं. सर रोज स्टाफरूममध्ये येऊन नामाला दोष द्यायचे. त्याने बांधाला खालून भोक पाडलंय. मी म्हटलं, खेकड्यांनी पाडलं असेल, बांधात मुठे असतात, तुम्हीच सांगता. सर म्हणाले, मुठ्यांना नामाच शिकवतो. एरवी मी हसले असते. पण मला दिसत होतं की माणूस रात्री झोपत नाही. भावाने आपल्याला फसवलं, यापेक्षा भाऊ आपला राहिला नाही, हे त्यांना आत कुठेतरी खात होतं, आणि ते बोलायला त्यांच्याकडे कुठलंच प्रमेय नव्हतं.

मग जुलैतला तो तास आला. दोन प्रतलं एकमेकांना छेदतात तेव्हा छेद एका रेषेत मिळतो, हे दाखवायला सर दर वर्षी एक प्रयोग करायचे. प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी भरायचं. पाण्याचा पृष्ठभाग हे एक प्रतल. त्यात दगडी पाटी तिरपी धरायची, हे दुसरं प्रतल. बाहेर काढली की पाटीवर ओल्या-कोरड्याची सरळ रेघ उमटलेली. मुलांना ते फार आवडायचं. त्या वर्षी पाटी फुटली होती. म्हणून सरांनी वर्गाच्या मागे पडलेला एक पत्रा घेतला, कुठल्याशा डब्याचा, मध्ये थोडा चेपलेला. त्यावर त्यांनी खडूची भुकटी चोळली, म्हणजे ओलं ठळक दिसेल. माझा तास पुढचा होता, म्हणून मी दारात उभी होते.

सरांनी पत्रा पाण्यात तिरपा धरला आणि बाहेर काढला. ओली रेघ सरळ नव्हती. जिथे पत्रा चेपलेला होता तिथे ती कोरड्या बाजूला चांगली फुगली होती. मुलं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, सर, तुमची रेषा वाकली.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पत्रा पुन्हा पाण्यात धरला. थोडं पाणी ओतून टाकलं, पुन्हा धरला. पाणी खाली गेलं, रेघ खाली गेली, पण फुगवटा तसाच. घंटा झाली, तरी ते पत्रा हातात धरून उभेच. मग सर फळ्याकडे न बघताच म्हणाले, "दोन प्रतलं एका रेषेत छेदतात. पण दोन्ही प्रतलं असली तर."

स्टाफरूममध्ये ते माझ्याजवळ येऊन बसले. हात अजून ओले होते.

"बाई, पाणी प्रतल आहे," ते म्हणाले. "शेत नाही."

मला नीट समजलं नाही, हे त्यांना कळलं असावं, कारण मग त्यांनी वर्गात सांगतात तसं सावकाश सांगितलं. त्यांच्या वडिलांनी बांध दोरी लावून घातलाच नव्हता. पाणी भरलं, ते आपोआप सपाट झालं, आणि जिथवर ते उताराला टेकलं तिथे माती टाकत गेले. जमिनीला मध्ये खळगा होता, म्हणून बांधही तिथे वळसा घेऊन वर गेला. दोन टोकांचे दगड ही नुसती टोकं होती. त्यांच्यामध्ये सरळ जायचं असं कोणीच ठरवलं नव्हतं. ते सरांनी गृहीत धरलं. नामाने सरळ बांध घातला तेव्हा तो खळगा सरांच्या वाट्याला आला आणि सगळं पाणी त्याच्यात उतरलं.

"इतकी वर्षं त्या खाचरात पाणी सगळीकडे सारखं उभं राहत होतं," सर म्हणाले. "बांध हलला असता तर राहिलं असतं का? रेषेबाहेरचा बिंदू भरल्या शेतात होता. मी सुट्टीत जायचो, कोरड्यात." मग ओले हात पुसत त्यांनी विचारलं, "हळदीला पोरीने कोणाची वाट बघितली का?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या माणसाशी खोटं बोलणं कधीच जमायचं नाही. मी म्हटलं, बघितली. ते उठून बाहेर गेले.

त्यानंतर ते रजेवर गेले, आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते म्हणून परत शाळेत आलेच नाहीत. निरोप समारंभ ठरला होता, तोही त्यांनी नाकारला. तुम्ही माझ्याबद्दल काय काय बोलाल याचा मला भरवसा नाही, असं फोनवर म्हणाले. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस जागेवर आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच पावसाळ्यात. आम्ही नवरा-बायको एका ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर निघालो होतो. नेरं मागे पडल्यावर त्यांच्या गावाच्या फाट्याला मी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्यावरूनच खाचर दिसत होतं. तारेचं कुंपण काढून एका बाजूला गुंडाळून ठेवलेलं होतं. सर अर्धी चड्डी घालून पोटऱ्यांपर्यंत चिखलात होते आणि हातांनी माती थापत होते. पाण्याच्या कडेकडेने बांध पुढे सरकत होता, चांगला वाकडातिकडा. सरांना मी प्रथमच चिखलात बघत होते. खालच्या अंगाला नामा हाताची घडी घालून उभा होता.

मी बांधावर चढले तेव्हा नामा विचारत होता, "आता काय मोजाया आलास?"

"मोजत नाय," सर म्हणाले. "पानी बगतंय." त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकली. मग वर न बघता ते म्हणाले, "बांद बराबर होता, नामा. माजी चूक झाली."

नामा हलला नाही. "आज बराबर," तो म्हणाला. "उद्या परत दोरी आनशील."

संशय घ्यायला नामाला आता पुरेसे बिंदू होते, आणि ते सगळे सरांनीच दिले होते. सर माती थापत राहिले. मला तिथे उभं राहणं अवघड वाटायला लागलं. मी निघणार एवढ्यात नामाने घडी सोडली. तो पुढे आला, सरांनी नुकत्याच थापलेल्या मातीवर टाच ठेवून त्याने दाबली. माती बसली, पाण्याची बारीक धार सुटली.

"हितं नाय," नामा म्हणाला. "जरा माज्या अंगाला घे. नायतर पानी जाल."

सरांनी मान वर केली. स्वतःच्या जमिनीतली वीतभर जागा हा आपण होऊन का देतोय? डावी भुवई सवयीने वर गेली. त्यांनी नामाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग खाली वाकले, ओंजळभर चिखल उचलला आणि काही न विचारता नामाने पाय ठेवला होता तिथे टाकला.